काका, दादा आणि रिकामं जंगल: आमची केनिया-टांझानिया सफारी

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' काढलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.)

आज पाहुणे कोणी नाहीत, मी एकटाच आहे. म्हणजे माईकसमोर एकटा. बायको मागे सोफ्यावर बसलीये. मी काही चुकीचं सांगितलं तर तिथूनच ओरडायची मुभा तिने घेतली आहे, तेव्हा मधेच आवाज आला तर समजून घ्या.

गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं दहा दिवस केनिया आणि टांझानियाला जाऊन आलो. लग्नाला दोन वर्षं झाली, पण लांबचा प्रवास हा पहिलाच. इन्स्टावर फोटो टाकल्यापासून "बजेट सांग", "आयटिनररी पाठव" असे मेसेज येतायत. ते सगळं शेवटी सांगतो. त्याआधी प्रवासात घडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगायच्यात. त्यातल्या एका गोष्टीत मी फार बरा दिसत नाही, पण तीच सांगायची म्हणून हा भाग करतोय.

दादा कोण आणि काका कोण

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. घड्याळ अडीच तास मागे. बाहेर आलो तर आमचा ड्रायव्हर-गाइड पाटी घेऊन उभा. पन्नाशीचा, कीकुयू समाजातला माणूस. त्याने बायकोची बॅग घेतली आणि म्हणाला, "करिबू, दादा." मग माझ्याकडे वळून, "करिबू, काका."

मला वाटलं, अरे वा, भारतीय गिऱ्हाइकांमुळे मराठी शिकला की काय! पण तिला दादा का म्हणतोय? मग कळलं, स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. बाबा म्हणजे बाबाच, मामा म्हणजे आई आणि बाबू म्हणजे आजोबा. पुढचे दहा दिवस बायको दादा होती आणि मी काका. आम्हीही त्याला काकाच म्हणायला लागलो. आमच्या अर्थाने तो काका, त्याच्या अर्थाने भाऊ. दोघांचंही समाधान.

तिथली भाषा ऐकताना कान सारखे टवकारतात. गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', विम्याला 'बीमा', पैशाला 'पेसा', रंगाला 'रांगी', लाखाला 'लाकी'. हॉटेलात कांदा-टोमॅटोची कोशिंबीर आली, तिचं नाव 'कचुंबारी'. यातले काही शब्द आपल्याकडून गेले, काही अरबी-फारसीतून दोन्हीकडे आले. 'सफारी' हा शब्दसुद्धा आपल्या 'सफर'चा भाऊबंद. स्वाहिलीत त्याचा अर्थ नुसता प्रवास, त्यात सिंह असायलाच हवा असं काही नाही.

यामागे मोठा इतिहास आहे. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये बांधली. त्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. त्साव्होच्या नरभक्षक सिंहांची १८९८ ची गोष्ट याच रेल्वेच्या कामावरची. नैरोबी शहरसुद्धा १८९९ मध्ये रेल्वेचा डेपो म्हणून सुरू झालं. १९२० पर्यंत तिथे चलन म्हणून रुपया चालायचा. मी फिनटेकमध्ये काम करतो, त्यामुळे मला सगळ्यात जास्त मजा एम-पेसाची वाटली. आपलं यूपीआय यायच्या कितीतरी आधी, २००७ पासून, केनियात लोक साध्या बटणाच्या फोनवरून एकमेकांना पैसे पाठवतायत. आणि त्यातला 'पेसा' म्हणजे आपला पैसाच.

माराचा काठ

आता ती गोष्ट.

मसाई मारा आणि सेरेंगेटी हे खरं तर एकच गवताळ रान आहे, मधून देशाची सीमा जाते इतकंच. मारा केनियात, साधारण दीड हजार चौरस किलोमीटर. सेरेंगेटी टांझानियात, त्याच्या जवळजवळ दहापट. साधारण १३ लाख विल्डबीस्ट आणि सोबत काही लाख झेब्रे-हरणं पावसाच्या आणि ताज्या गवताच्या मागे वर्षभर या रानात गोल फिरत असतात. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान ते मारा नदी ओलांडतात. नदीत मगरी. टीव्हीवर आपण सगळ्यांनी पाहिलेला सीन तो हाच.

मी निघण्याआधी एक्सेल शीट केली होती. त्यात प्राण्यांची यादी, प्रत्येकासमोर चौकोन. सिंह, हत्ती, बिबट्या, गेंडा, रानम्हैस. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात 'रिव्हर क्रॉसिंग'. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीपाशी पोचलो, तर पलीकडच्या काठावर काळं पसरलेलं. हजारो जनावरं आणि तो आवाज! ते गायीसारखं हंबरत नाहीत, 'न्यू, न्यू' असं कण्हतात. कळप काठापर्यंत येतो, पुढचा पाण्याकडे बघतो आणि मागे फिरतो. परत येतो, परत फिरतो. असं तीन तास चाललं.

काकांनी गाडी काठापासून बरीच मागे, झुडपांच्या आडोशाला लावली होती. नियम असा की क्रॉसिंग नीट सुरू होईपर्यंत काठ मोकळा ठेवायचा. आमच्यासारख्या आणखी वीस-पंचवीस गाड्या थांबलेल्या. आणि मी काय करत होतो? दर दहा मिनिटांनी मागून, "काका, थोडं पुढे घेऊ या ना. तिथून अँगल चांगला आहे." ते म्हणायचे, "पोले पोले." म्हणजे हळूहळू. मग मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. म्हटलं, आम्ही एवढे पैसे भरून आलोय.

बायको म्हणाली, "काहून एवढी घाई करून राहिला तू?" ती परतवाड्याची आहे. चिडली की वऱ्हाडी निघते.

(मागून आवाज: "चिडले नव्हते. विचारलं फक्त.")

बरं, विचारलं फक्त. तर काका हलले नाहीत. पण दुसरी एक गाडी हलली. तिच्यामागे तिसरी, चौथी. पाच मिनिटांत दहा-बारा गाड्या काठाच्या अगदी तोंडाशी. नेमकं तेव्हाच पलीकडून पहिले साठ-सत्तर प्राणी पाण्यात उतरले होते. ते आमच्या काठाशी आले, तर वर चढायच्या वाटेवर गाड्या. ते बिचकले आणि पाण्यातच वळायला लागले. मागून येणारे त्यांच्यावर आदळत होते. एक पिल्लू प्रवाहात बाजूला गेलं. मग मगर दिसली. पुढचं सांगत नाही. मगर तिचं काम करते, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पिल्लाला वर यायची वाट होती आणि त्या वाटेवर एक पांढरी लँड क्रूझर उभी होती. उरलेला कळप मागे फिरला आणि टेकडीपलीकडे गेला.

आमची गाडी त्या गर्दीत नव्हती, हे खरं. पण का नव्हती? काका हलले नाहीत म्हणून. माझ्या हातात असतं तर आमची गाडी पहिली असती. त्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर माझ्यासारखाच कोणीतरी "पैसे भरलेत" म्हणत बसला असणार. ड्रायव्हरची टिप त्याच्याच खिशात.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. रात्री मी काकांना सॉरी म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, नियम मोडताना सापडलं तर दंड मला होतो, लायसन्स माझं जातं आणि पुढच्या आठवड्यात नवीन पाहुणे परत तेच म्हणतात. बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

एक्सेल शीट मी त्या रात्री बंद केली. चार दिवसांनी बिबट्या दिसला तेव्हा टिक करायचं लक्षातही नव्हतं.

'सोपा' आणि शेण

माराच्या बाहेर एका मसाई वस्तीत गेलो. पर्यटकांसाठीचीच भेट, डोकी मोजून फी. उंच उड्यांचा नाच झाला, त्याला 'अडुमु' म्हणतात. मीही उडालो. व्हिडिओ आहे, टाकणार नाही. नमस्कारासाठी मसाई लोक 'सोपा' म्हणतात आणि उत्तर 'इपा'. मराठी माणसाला लक्षात ठेवायला याहून सोपं काही नाही.

सगळं थोडं नाटकासारखं वाटत होतं, मला अवघडल्यासारखं झालं होतं. मग एका बाईने बायकोला घरात बोलावलं. मसाईंमध्ये घर बायकाच बांधतात. फांद्यांचा सांगाडा आणि वर माती-शेणाचा गिलावा. आत अंधार, चुलीचा धूर. ही आत गेली, भिंतीला हात लावला, वास घेतला आणि हसायलाच लागली. तिच्या आजीच्या घरी दर सणाला जमीन सारवायचे, तोच वास. हिने हाताने सारवायची ॲक्शन करून दाखवली. त्या बाईने हिचा हात धरून बोटं कशी फिरवायची ते दुरुस्त केलं. हिच्या आजीची बोटं अर्धगोल फिरायची, त्या बाईची सरळ. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दहा मिनिटं शेण या विषयावर चर्चा झाली.

बाहेर मी मण्यांच्या माळेसाठी घासाघीस करत होतो. अर्ध्या किमतीवर आणली होती. बायको बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं. मी पूर्ण पैसे दिले.

सा कुमि ना म्बिली

मारातून सेरेंगेटी समोर दिसते, पण पर्यटकांना तिथून सीमा ओलांडता येत नाही. विल्डबीस्टांना व्हिसा लागत नाही, आपल्याला लागतो. इसेबानियाच्या नाक्यावरून वळसा घालून जायचं, अख्खा दिवस जातो. नाक्यावर आमच्या काकांचा निरोप घेतला. पलीकडे टांझानियाची गाडी आणि नवा गाइड. तिशीतला मसाई तरुण, कमी बोलणारा.

सेरेंगेटीतल्या तंबूच्या कॅम्पवर पहिल्या रात्री तिथल्या रखवालदाराने सांगितलं, उद्या गाडी 'सा कुमि ना म्बिली'ला. मी ॲपवर स्वाहिली आकडे शिकून गेलो होतो. कुमि म्हणजे दहा, म्बिली म्हणजे दोन. बायकोला ऐटीत म्हटलं, उद्या बाराला निघायचंय, झोप निवांत. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तंबूबाहेर गाइड हाका मारतोय.

प्रकार असा, की स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. आपले सहा म्हणजे त्यांचे बारा. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो, त्यामुळे हिशोब चोख बसतो. आपले जुने लोकही सूर्योदयापासूनच घटका मोजायचे की. मी चार वर्षं टाइमझोनचे बग सोडवतोय आणि सहा तासांनी चुकलो.

बुळकांडी

सेरेंगेटीत उभं राहिलं की चारही बाजूंना क्षितिजापर्यंत गवत. नावाचा अर्थच मसाई भाषेत 'जिथे जमीन संपतच नाही' असा काहीसा सांगतात. मी म्हटलं, बघ, माणसाचा हात न लागलेलं जंगल! आमचा गाइड पहिल्यांदाच आपणहून बोलला. म्हणाला, इथे माझे पणजोबा गुरं चारायचे.

मग वाचलं. १८८० च्या दशकाच्या शेवटी गुरांचा एक रोग आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला आला. इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आला आणि ती गुरं हिंदुस्थानातून गेलेली होती असं मानतात. रोगाचं नाव रिंडरपेस्ट. आपल्याकडे त्याला बुळकांडी म्हणतात, माझ्या आजीच्या तोंडी हा शब्द मी ऐकलाय. काही वर्षांत तो खंडभर पसरला. मसाईंची बहुतेक सगळी गुरं मेली. गुरं गेल्यावर उपासमार, त्यात देवीची साथ. त्या काळाला मसाई 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सगळं पुसून टाकणं. त्यानंतर जे युरोपीय आले त्यांना ओसाड रान दिसलं आणि ते म्हणाले, इथे माणूस कधी राहतच नव्हता.

रोग विल्डबीस्टांनाही व्हायचा. १९६० च्या सुरुवातीला ते अडीच लाखांच्या आसपास होते. आजूबाजूच्या गुरांना लस टोचल्यावर रोग जंगलातूनही गेला आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत संख्या १३ लाखांवर गेली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. म्हणजे मी ज्या क्रॉसिंगसाठी एवढा जीव टाकत होतो, त्यातली गर्दी काही अंशी गावातल्या गुरांच्या लसीकरणामुळे आहे.

गोरोंगोरोची कड

शेवटचा टप्पा गोरोंगोरो. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखीचं शिखर आत कोसळून झालेलं विवर. सहाशे मीटर खोल, तळ २६० चौरस किलोमीटरचा. कडेवर पहाटे धुकं, खाली उतरलं की सिंह, हत्ती, रानम्हशी, तळ्यात फ्लेमिंगो. गेंडाही दिसला, लांब, एका ठिपक्याएवढा.

जेवायला थांबलो तेव्हा गाइडने सांगितलं, माझं घर याच कडेपलीकडे होतं. १९५९ मध्ये सेरेंगेटी पूर्ण राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथल्या मसाईंना गोरोंगोरोच्या बाजूला हलवलं. इथे तुम्ही गुरांसोबत राहू शकाल असं ठरलं होतं. १९७५ मध्ये शेतीवर बंदी आली. पुढे लोकसंख्या वाढली, आज लाखाच्या आसपास लोक तिथे राहतात. २०२२ पासून सरकार म्हणतंय, इथला भार फार झाला, तुम्ही म्सोमेराला चला, घर आणि जमीन देतो. म्सोमेरा तिथून जवळपास सहाशे किलोमीटर लांब. सरकार म्हणतं, जाणं ऐच्छिक आहे. बरेच मसाई म्हणतात, शाळा-दवाखान्याचे पैसे बंद केल्यावर ऐच्छिक काय उरतं? ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो लोक रस्त्यावर बसले होते, सफारीच्या गाड्या अडल्या. याच्या थोरल्या भावाने म्सोमेराला घर घेतलं. आई गेली नाही. आणि हा त्याच जंगलात पाहुण्यांना गेंडे दाखवतो, त्यावर घर चालतं.

मग त्याने आम्हाला विचारलं, "तुमच्याकडे वाघासाठी गावं उठवतात का?"

मी काहीतरी बोलणार होतो. बायको म्हणाली, "हो."

माझे सासरे मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कोरकू मुलांची शाळा. हिचं लहानपणीचं दिवाळीच्या सुट्टीतलं गाव ते. व्याघ्र प्रकल्पासाठी ते गाव उठलं, माणसं पैसे किंवा जमीन घेऊन खाली सपाटीवर आली. तिथल्याच इतर गावांतली काही कुटुंबं आश्वासनं पाळली नाहीत म्हणून परत जंगलात गेली, २०१९ मध्ये तिथे संघर्षही झाला. हे सगळं तिने त्याला सांगितलं. दोन वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. अर्थात मीही कधी विचारलं नव्हतं. मेळघाट म्हटलं की मी "वाघ दिसतो का गं?" एवढंच विचारायचो.

गाइडने विचारलं, "तिथे आता वाघ आहेत?" ती म्हणाली, "आहेत. वाढलेत." "चांगलं आहे," तो म्हणाला. आणि ते त्याने मनापासून म्हटलं, टोमणा नव्हता. मग विचारलं, "आणि तुझ्या बाबांची मुलं कुठे आहेत?"

तिला सांगता आलं नाही.

त्या रात्री कराटूच्या लॉजवरून तिने बाबांना फोन लावला. भारतात साडेअकरा वाजून गेले होते. ते आधी घाबरले, काय झालं म्हणून. मग हिने विचारलं तर म्हणाले, शेवटच्या वर्षाच्या चौथीची एकोणीस नावं मला हजेरीच्या क्रमाने पाठ आहेत. आणि फोनवर म्हणून दाखवली. स्पीकरवर होतं, मी ऐकलं. त्यातले पाच-सहा जण कुठे आहेत ते त्यांना माहीत आहे. बाकीचे नाही.

येत्या डिसेंबरात आम्ही दोघं आणि बाबा अकोटच्या बाजूला जाणार आहोत, जेवढे सापडतील तेवढ्यांना भेटायला. वाघ बघायचा प्लॅन यावेळी नाही. जंगल राखायचं की माणसं, यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते दहा दिवसांच्या सहलीवरून देणारही नाही. पण प्रश्न विचारायला आफ्रिकेपर्यंत जावं लागलं, हे मला खटकतं.

आता कामाचं

पटकन. यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परत येताना भारतात विमानतळावर अडवून ठेवू शकतात. सरकारमान्य केंद्रावरच घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नका, दोन्ही देशांत बंदी आहे. माराची प्रवेश फी परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १०० डॉलर. त्यामुळे बजेट कमी असेल तर क्रॉसिंगचा हट्ट सोडा. सिंह-हत्ती बाराही महिने असतात. तारांगिरे चुकवू नका, तिथे हत्तींचे मोठे कळप आहेत आणि प्रचंड बाओबाब, म्हणजे आपली गोरखचिंच.

आणि शेवटची टीप. पहिल्याच दिवशी गाइडला स्वतःहून सांगा, "आम्हाला नियमात बसेल तेवढंच दाखवा. काही दिसलं नाही तरी टिप कमी होणार नाही." माझ्या ओळखीचे दोघं जण नंतर जाऊन आले, त्यांना मी हे सांगायला लावलं. ते म्हणाले, गाइड आधी थोडा वेळ बघतच राहिला आणि मग दिवसभर गप्पा मारत होता.

(मागून आवाज: "माळेचं राहिलं. तू पूर्ण पैसे मी बघितलं म्हणून दिलेस, हे सांग.")

सांगितलं की ते! बरं मंडळी, थांबतो. अकोटहून आल्यावर, बाबा तयार झाले तर, पुढचा भाग त्यांच्यासोबत करू. तोपर्यंत क्वाहेरी, म्हणजे येतो.